खार आणि घुबड यांच्यामधला मी

मित्रांनो, माझ्याकडे पाहून दचकू नका. माझ्या काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला आहे, पाठ एका बाजूला वाकली आहे आणि आवाज वाढवायचे बटण कुठेतरी पडून हरवले आहे. तरी मी अजून चालू होतो. मी टॅब आहे, आता जुना झालेला. मुलांनी माझ्यावर शिकावे म्हणून मला घडवले होते. पण माझ्या वाट्याला शिकणे थोडे आणि रक्त जास्त आले. ते कसे, तेच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. पांढरे दिवे, तोंडाला फडकी बांधलेल्या बायका, आणि पट्ट्यावरून सरकत जाणारी माझी असंख्य भावंडे. कोणी माझ्या पोटात बॅटरी बसवली, कोणी पाठ बंद केली, कोणी काच पुसली. मग मला खोक्यात घातले. खोके उघडले तेव्हा समोर एक जाड भिंगांचा चष्मा होता आणि माझ्या काचेवर बिस्किटाचा चुरा पडला होता.

त्या चष्म्यामागे संशोधक बाई होत्या. मुले पडद्यावर कशी शिकतात, त्यांच्या डोक्यात काय उतरते आणि काय वरच्यावर उडून जाते, याचा त्या अभ्यास करत. त्यांच्या संस्थेतल्या मोठ्या सरांचे म्हणणे सरळ होते. मुलाला टॅब द्या, धडा दाखवा, परीक्षा घ्या, झाले. बाई मात्र हट्टाला पेटल्या होत्या.

"सर, दुसऱ्याला पोहताना बघून कोणी पोहायला शिकलंय का?" त्या म्हणायच्या. "मुलांना एकमेकांशी बोलू दे. भांडू दे. मग बघा."

म्हणून त्यांनी आमच्यात एक वेगळीच सोय केली. दोन मुलांना एक गणित द्यायचे. अर्धे एकाच्या पडद्यावर, अर्धे दुसऱ्याच्या. बोलल्याशिवाय ते सुटणारच नाही. मात्र चेहरा दिसायचा नाही, नाव सांगायचे नाही, घर कुठे तेही सांगायचे नाही. "चेहरा दिसला की मुलं आधी कपडे बघतात, गणित नंतर," असे बाई म्हणत. मुलांचे बोलणे संस्थेत साठायचे आणि दुसऱ्या दिवशी बाई ते ऐकायच्या.

हे सारे करून पाहायला त्यांनी जी जागा निवडली, तिथली शाळा तेव्हा बंद होती. का बंद होती, तेही ऐका.

तिथे काचेच्या बाटल्यांचा मोठा कारखाना होता. मध्ये कालवा, कालव्यावर एक पूल. पुलाच्या अलीकडे वरची वस्ती आणि पलीकडे खालची. पगार कापला म्हणून वरच्या वस्तीने संप केला. मालकाने खालच्या वस्तीतली माणसे कामावर घेतली. खालच्यांचेही हातावरचे पोट, ती गेली. एक गाडीवाला त्यांना रोज गाडीत भरून फाटकातून आत नेऊ लागला. एका सकाळी वरच्या वस्तीची माणसे फाटकासमोर आडवी पडली. गाडी थांबली. दगड सुरू झाले, गाडीची काच फुटली, कोणीतरी दार ओढू लागले, आणि गाडी उसळून पुढे गेली. सगळे उठून पळाले. एकाला उठता आले नाही. तो भट्टीवर काम करणारा माणूस होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला गेला आणि डॉक्टरांनी तो कापून टाकला. त्या दिवसापासून मारामाऱ्यांच्या भीतीने शाळेला कुलूप लागले.

त्याच माणसाच्या घरी मी गेलो.

त्याची धाकटी मुलगी माझी मालकीण झाली. घरात तिला बारकी म्हणत. नावाप्रमाणेच ती काडीसारखी होती, पण तोंडाने मोठी तिखट. तिची आई शिवणयंत्रावर पिशव्या शिवायची. बाबा भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडलेले असत आणि मधूनच नसलेला पाय खाजवायला हात खाली नेत. थोरला भाऊ, तिचा दादा, बाबांबरोबर भट्टीवरच होता. संपापासून तो आणि त्याचे मित्र अंगणात बसून असत. त्यांच्यात लांब्या नावाचा एक उंच, हसरा पोरगा होता. तो आला की बारकीला खांद्यावर बसवून छपराला हात लावायला सांगायचा.

संशोधक बाईंनी बारकीला विचारले, "तुझं इथलं नाव काय ठेवायचं?"

"खार," बारकी म्हणाली. "खार कोणाच्या हाती लागत नाही."

पहिल्या दिवशी माझ्यातून दुसरा आवाज आला. किंचित घोगरा, सावकाश बोलणारा. "मी घुबड."

"ईऽ! घुबड कशाला?"

"मला झोप येत नाही म्हणून. तू कोण?"

"खार."

"मग सांभाळून राहा. घुबड खारीला खातं."

दोघी खदाखदा हसल्या. त्या दिवशी गणित काही सुटले नाही.

बारकीचा आणि अपूर्णांकांचा उभा दावा होता. आकड्यावर आकडा दिसला की ती मला पालथा घालून ठेवायची. घुबड मात्र गोगलगायीसारखी, पण वाट न सोडणारी.

"अगं, खालचा आकडा म्हणजे अख्ख्याचे किती तुकडे केले. वरचा म्हणजे तुझ्या हाताला किती लागले."

"मग खालचा मोठा झाला तर मला जास्त मिळायला पाहिजे ना?"

"वाटेकरी वाढले की वाटा घटतो. आमच्याकडे पाहुणे आले की कळतं ते."

बारकीने बोटांवर वाटेकरी मोजले. मग एकदम ओरडली, "कळलं! आई, मला कळलं!" शिवणयंत्र थांबले. बाबांनीसुद्धा भिंतीकडचे तोंड वळवून पाहिले. त्या घरात कित्येक दिवसांनी कोणी आनंदाने ओरडले होते. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या जन्माचे सार्थक वाटले. खोटे कशाला सांगू?

त्या रोज दुपारी भेटू लागल्या. पत्ता सांगायचा नाही हे दोघींनी पाळले, पण मुली बोलायला लागल्या की काय थांबते? घुबडीच्या घराला लागून पाण्याची टाकी होती. ती भरून वाहू लागली की आमच्या बोलण्यात धबधब्यासारखा आवाज यायचा. त्या पाण्याने तिच्या घराचे निळे दार फुगायचे आणि लाथ मारल्याशिवाय उघडायचे नाही. तिची आजी अंथरुणावर होती. "आजीची कूस बदलायला लागते, थांब हं," असे म्हणून ती मध्येच उठून जायची.

पुढे कोन आले आणि पारडे फिरले. आता बारकी गुरुजी झाली. "भिंतीला कुबडी टेकवून ठेवली की खाली जो होतो ना, तो लघुकोन."

"कुबडी कोणाची?"

"बाबांची. त्यांचा पाय गाडीखाली गेला, फाटकाशी."

पलीकडे टाकी वाहत होती. बराच वेळ दुसरा आवाजच आला नाही.

"ए घुबडे, झोपलीस काय?"

"नाही," घुबड म्हणाली. "आज डोकं दुखतंय. उद्या बोलू."

उद्या ती आली नाही. परवा आली, पण मोजून-मापून बोलली. बारकीला वाटले, आपले काहीतरी चुकले.

इकडे रस्त्यावर आग धुमसत होती. एके दिवशी दादा बाजारातून आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर रक्त होते आणि ते त्याचे नव्हते. खालच्या वस्तीतल्या एका माणसाला त्यांनी भाजीच्या दुकानासमोर धरून बुकलले होते. "दोन दात पाडले," लांब्या सांगत होता, पण तो हसत नव्हता. चारच दिवसांनी पुलावर खालच्यांनी वरच्या एका म्हाताऱ्याला गाठले आणि सळईने त्याच्या बरगड्या मोडल्या. रोज कोणाचे ना कोणाचे डोके फुटत होते. आई दाराला आतून कडी घालून पिशव्या शिवायची आणि बाहेर पळण्याचे आवाज आले की तिचा पाय यंत्रावर थबकायचा. बाबांना ताप चढला, जखम चिघळली. पट्टी बदलताना ते उशीत तोंड खुपसून ओरडत. त्यांचा आवाज ऐकला की दादा उठून बाहेर जायचा आणि अंगणातल्या दगडी पायरीवर मुठी आपटायचा. त्याची बोटे सोलून निघाली होती.

मग ती दुपार आली.

आई शिवलेल्या पिशव्या पोचवायला गेली होती. बाबा औषधाच्या गुंगीत होते. बारकी मांडीवर मला घेऊन खिडकीखाली बसली होती. घुबड समोर होती, गणित चालू होते. अंगणात दादा आणि त्याचे मित्र आले. काचेच्या बाटल्या एकमेकींवर आपटल्याचा किणकिणाट झाला आणि मागोमाग रॉकेलचा वास आला.

"गाडीवाला आणि त्याची बायको, दोघं कारखान्यात असतात या वेळेला," दादा म्हणत होता. "घर रिकामं. टाकीला लागूनच आहे. निळं दार. खिडकीतून दोन बाटल्या आत, दोन दारावर. परत यायचं. माणसाला हात लावायचा नाही. त्यानं आमचा पाय घेतला, मी त्याचं घर घेतो."

"आत्ताच?" लांब्याने विचारले.

"आत्ताच. चला, आपल्यातल्या आणखी दोघांना बोलावून घेऊ. मागच्या गल्लीनं जाऊ."

पावले कुंपणापर्यंत गेली.

बारकीने मला घट्ट धरले.  टाकी. निळे दार. आणि दोघे कारखान्यात. पुढचे तिच्या लक्षात आले आणि तिने मला तोंडाजवळ ओढले.

"तुझे बाबा गाडी चालवतात?"

पलीकडे काहीतरी हातातून निसटून पडले.

"बोल ना! माझ्या बाबांच्या पायावरून तुझ्या बाबांनी गाडी घातली?"

"मला ठाऊक होतं," घुबड म्हणाली. "तू कुबडीचं बोललीस तेव्हाच कळलं. मला सांगायची भीती वाटली. खारे, त्यांना दार तोडून बाहेर ओढत होते गं. ते घाबरले. ते जेवत नाहीत आता. चाकाखाली काहीतरी आलं, चाकाखाली काहीतरी आलं, असंच म्हणत बसतात."

"मरू देत तुझे बाबा!" बारकी किंचाळली. "माझे बाबा रडतात! मोठा माणूस लहान पोरासारखा रडतो, ऐकलंयस कधी?"

तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्या काचेवर टपटप पडत होते. तिच्या बोटाने माझे बंद करायचे बटण शोधले. नुसते दाबले असते तरी पुरे होते. पलीकडे टाकी धोधो वाहत होती. म्हणजे दार फुगलेले होते.

बोट बटणावरून उठले.

"ऐक. आजीला घे आणि बाहेर निघ. आत्ताच्या आत्ता."

"काय?"

"जाळायला येताहेत तुमचं घर! दाराला लाथ घाल, शेजारच्यांना हाक मार, आजीला ओढ, पण निघ! निघ ना गं!"

घुबडीची किंकाळी ऐकू आली, मग काहीतरी पडल्याचा आवाज, मग दारावर लाथ. एक. दुसरी. तिसरी. "काका! काका, धावा!" अशी हाक दूर गेली.

बारकीने मान वर केली. दारात दादा उभा होता. काडेपेटी विसरला म्हणून तो परत आला होता.

"कोणाला सांगितलंस?"

बारकी मागे सरकली. "दादा, घर रिकामं नाही. ती असते घरात. तिची आजी अंथरुणाला खिळलीय. तुम्ही जाळून माराल त्यांना!"

"तुला काय ठाऊक?"

"ती रोज बोलते माझ्याशी. हीच ती, गणितवाली."

"रोज?" दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाप इथं सडतोय आणि तू रोज त्याच्या पोरीशी हसतेस?"

पहिली थप्पड बसली तेव्हा मी तिच्या हातातून सुटलो. दुसरीने ती शिवणयंत्रावर जाऊन आदळली आणि तिच्या भुवईतून रक्त आले. ती मला उचलायला वाकली तेव्हा त्याने तिच्या पाठीत लाथ घातली. नंतर त्याने मला उचलले आणि यंत्राच्या लोखंडी पायावर हाणले. एकदा. पुन्हा. माझी काच तडकली, पाठ वाकली, पडदा काळा झाला. बाबा खाटेवरून ओरडत होते, "सोड तिला! अरे, लेकरू आहे ते!" उठायला गेले आणि खाली पडले. पडलेल्या बापाकडे दादाने पाहिले. क्षणभर मला वाटले, आता हा थांबणार. पण बाहेरून मित्रांनी शीळ घातली. त्याने काडेपेटी उचलली आणि तो गेला.

मित्रांनो, पडदा काळा झाला तरी आम्हा वस्तूंना ऐकू येते आणि अंधूक दिसतेही. माणसांना हे माहीत नसते. पुलापलीकडे जे घडले ते मी पाहिले नाही, पण पुढे त्या घरात ते इतक्यांदा बोलले गेले की मला ते पाठ आहे.

दादा आणि त्याचे मित्र पोचले तेव्हा निळे दार उघडे होते. घरात कोणी नव्हते, पण गल्ली रिकामी नव्हती. खालच्या वस्तीतली माणसे पाइप आणि सळया घेऊन भिंतींच्या आड उभी होती. बाटल्या फेकल्या गेल्या, घर पेटले, आणि त्याच धुरात हाणामारी जुंपली. एकाने लांब्याला मागून गाठले. पाइपचा घाव डोक्यावर बसला. तो गुडघ्यावर आला, काहीतरी बोलायला गेला आणि दुसऱ्या घावाने आडवा झाला. दादा त्याला ओढून न्यायला वळला, तेव्हा त्याच्या उजव्या हाताची हाडे मोडली. एका हाताने त्याने लांब्याला पुलापर्यंत फरपटत आणले. पुलावर पोचेपर्यंत लांब्यात जीव उरला नव्हता.

घुबड वाचली. तिची आजी वाचली. लांब्या गेला.

बारकीने ही बातमी ऐकली आणि ती कपाटामागे जाऊन बसली. भुवईवर टाके, गालावर बोटे उमटलेली. आई तिला जेवायला ओढून काढायची. तिने अन्नाला हात लावला नाही आणि तोंडातून अवाक्षर काढले नाही. आईने मला जुन्या चादरीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत घातले. फेकायचे तिच्या जिवावर आले असावे.

दुसऱ्या दिवशी संशोधक बाई धावत आल्या. साठलेले बोलणे त्यांनी सकाळी ऐकले होते. पुलावर कोणीतरी त्यांना दगड मारला होता. आई म्हणाली, "मान पुसा, रक्त येतंय." एवढे बोलून झाल्यावर मात्र तिचा बांध फुटला.

"तुमचा अभ्यास झाला का? आमची पोरं म्हणजे तुमची पाटी, हवं ते लिहा, हवं ते पुसा! कोणाशी जुळवताय ते बघितलंत का आधी? माझी लेक मार खाऊन पडलीय. माझा लेक हात मोडून पडलाय. शेजारणीचा पोरगा सरणावर गेला. काय शिकली माझी लेक तुमच्या त्या डबड्यावर?"

बाईंनी रुमाल मानेवर धरला. मग त्या म्हणाल्या, "नावं लपवली म्हणजे मुलं सुरक्षित राहतील असं मला वाटलं होतं. भांडण कुठवर पोचलंय ते मी बघायला पाहिजे होतं. तुमचं खरं आहे." त्यांनी सबब सांगितली नाही. मुलीचे बोलणे आपण कोणालाही ऐकवणार नाही, तसे वचन मुलांना दिले आहे, एवढे मात्र त्यांनी दोनदा सांगितले. आईने दार लावून घेतले.

पण वस्तीला प्रश्न पडलाच होता. खालच्यांना आधी कसे कळले? कोणीतरी फुटले होते. एका संध्याकाळी लांब्याचा मोठा भाऊ आला. तो भट्टीवरचा मुकादम होता, सगळे त्याला भाऊच म्हणत. त्याच्यामागे सात-आठ माणसे होती. पेटीत पडल्या पडल्या मी जिवाचा कान केला.

"घरातून गेलंय," भाऊ म्हणाला. "त्या टॅबवर पोरी बोलतात म्हणे पलीकडच्या पोरींशी. तुझी बहीण कुठंय?"

बारकी कपाटामागेच होती.  यंत्र बंद, बाबा गप्प. खाट करकरली. दादा उठला होता.

"तिचा काय संबंध?" दादा म्हणाला. "मीच बोललो."

"काय?"

"गुत्त्यावर. आदल्या दिवशी. चढली होती, बडबडलो. कोणी ऐकलं असेल."

"तू? तुझ्या तोंडानं मेला माझा भाऊ?"

"हो."

पुढचे आवाज मी विसरू शकत नाही. भाऊने त्याला धरले ते मोडलेल्या हाताला. दादा असा ओरडला की बाहेरची कुत्री गप्प झाली. मग लाथा, भांडी पडल्याचे आवाज, आईचा आक्रोश, बाबांचे "मारून टाकाल रे त्याला!" कपाट सरकले. बारकी बाहेर पडली होती आणि "सोडा, सोडा, मी..." म्हणत होती. पण तिचे वाक्य पुरे होण्याआधी दादा घुसमटल्या आवाजात ओरडला, "बारके, आत जा! एक शब्द बोललीस तर याद राख!"

ती बोलली नाही. शेवटी भाऊच दमला. भिंतीला टेकून तो ढसाढसा रडला आणि निघून गेला.

माणसे गेल्यावर पेटीच्या फटीतून मला अंधूक दिसत होते. आई ओल्या फडक्याने दादाचे तोंड पुसत होती. बारकी जवळ जाऊन बसली.

"का केलंस?" तिने विचारले. त्या दुपारनंतर ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होती.

दादाला बोलायला वेळ लागला. ओठ फाटला होता. "दार पाण्यानं फुगलं होतं. घर पेटल्यावर आतून उघडलं नसतं. आत पोरगी असती तर..." त्याने वाक्य सोडून दिले. "तुला जोरात लागलं का त्या दिवशी?"

"हो."

"हं," तो म्हणाला. माफी त्याने मागितली नाही आणि तिनेही 'असू दे' म्हटले नाही. तिने फक्त फडके आईच्या हातातून घेतले आणि त्याच्या कानामागचे रक्त पुसले.

पुढे पोलीस आले. घर पेटवल्याबद्दल दादा तुरुंगात गेला. लांब्यावर घाव घालणारेही गेले. दोन्ही वस्त्यांतली माणसे कोर्टाच्या एकाच बाकावर बसून पाणी पिऊ लागली, तेव्हा कुठे संप मिटला. मालकाने अर्ध्यांना परत घेतले. बाबांना भट्टीवर काम मिळाले नाही. ते बसल्या जागी पिशव्यांना बंद लावू लागले.

बाईंच्या अभ्यासाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्यात निघाले ते असे: जे मूल दुसऱ्याला समजावून सांगते, ते स्वतः सगळ्यांत जास्त शिकते, आणि पलीकडच्याचा आवाज ओळखीचा झाला की गणित लवकर सुटते. मोठे सर खूश झाले. पण बाईंनी शेवटी आणखी एक प्रकरण जोडले. मुलांना जोडण्याआधी त्यांच्या घरी, गल्लीत, पुलावर काय चालले आहे ते पाहा, आणि पाहता येत नसेल तर जोडू नका, असे त्यात होते. सर म्हणाले, हे प्रकरण काढा, आपला दोष आपणच कशाला लिहायचा? बाईंनी ते काढले नाही. संस्थेने पुढचे काम त्यांना दिले नाही.

जाण्याआधी त्यांनी मला पेटीतून मागून घेतले आणि दुरुस्त केले. काच मात्र तीच ठेवली, त्या बनावटीची मिळेना. बारकीला त्यांनी संस्थेत बोलावले. आई स्वतः तिला घेऊन आली आणि दाराशी थांबली. घुबड तेव्हा दूर तिच्या मावशीकडे राहत होती. जळलेल्या घरात परत जाण्यासारखे काही उरले नव्हते.

"बोलायचं नसेल तर नको बोलू," बाई म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

मी चालू झालो. बारकीने तोंड माझ्याजवळ आणले.

"आहेस का?"

"आहे." तोच घोगरा आवाज. पण मागे आता टाकी नव्हती. "खारे, तुझ्या दादाचा मित्र गेला ना? त्याचं नाव काय होतं?"

"लांब्या. मला खांद्यावर बसवायचा."

"माझ्यामुळे गेला."

"माझ्यामुळे," बारकी म्हणाली. "मी सांगितलं म्हणून."

"तू सांगितलं नसतंस तर मी गेले असते."

दोघींनाही ते पटत होते आणि पटूनही काही हलके होत नव्हते. बारकीने ओठ घट्ट मिटले. तिचे खांदे हलू लागले.

"तू रडतेयस?" घुबडीने विचारले. "मी बंद करू का?"

"नको," बारकी म्हणाली. "काही बोलू नकोस. नुसती थांब."

"थांबते."

आणि ती थांबली. गणित नव्हते, धडा नव्हता. एक मुलगी रडत होती आणि दुसरी काही न बोलता ऐकत होती. मी दोघींच्या मध्ये होतो. मित्रांनो, मला शिकवायला बनवले, पण त्या दुपारी मीच शिकत होतो.

आता मी एका खणात असतो. बाईंच्या जागी आलेली माणसे नवी, चकचकीत भावंडे वापरतात. माझे काही म्हणणे नाही. तुमच्या हातात असा एखादा आला तर त्याला उन्हात टाकू नका, बॅटरी फुगते. ओल्या हाताने धरू नका. रागाच्या भरात फेकू नका. फुटलेली काच दर वेळी बदलता येतेच असे नाही. आणि त्यातून कोणाचा आवाज आला, तर त्या आवाजाला घर असते, आजी असते आणि तिथेही कोणीतरी दाराची कडी लावून घाबरून बसलेले असू शकते, एवढे बंद करायचे बटण दाबण्याआधी मनात आणा.